दोन भिंतींमधली पाच फुटी बोळ, जेमतेम दोन तास ऊन. मिरची येईल का?

मागचं_दार

घरामागे एक बोळ आहे. रुंदी पाच फूट, लांबी चौदा. दोन्ही बाजूंना साधारण दहा फुटांच्या भिंती, सिमेंटचा राखाडी गिलावा. बोळ दक्षिणोत्तर आहे. दक्षिणेच्या टोकाला जाळीचं फाटक आहे आणि त्यापुढे मोकळं. माझ्याकडे बागेसाठी एवढीच जागा आहे आणि मला तिथे मिरची, टोमॅटो आणि थोडी पालेभाजी लावायची आहे.

खरं तर लावलीच आहे. मिरचीची सहा रोपं मोठ्या कुंड्यांत आहेत, जमिनीवर, बोळीच्या मधोमध ओळीने. रोपं जगली आहेत, पण नुसती उंच गेली आहेत. दोन पानांमध्ये चांगलंच अंतर, खोड बारीक, पानं मोठी पण पातळ आणि फिकट. फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात. रोज सकाळी पाणी घालते, आठवड्याला शेणखताचं पाणीही देते. मातीवर बारीक काळ्या माश्या उडतात. टोमॅटोचं तर बोलायलाच नको, तो आधाराशिवाय उभा राहत नाही.

कुंड्यांवर ऊन येतं ते पावणेबाराच्या सुमाराला आणि दीडपर्यंत निघून जातं. बाकी दिवसभर उजेड असतो, पण सावलीतला. एवढ्यात काही होण्यासारखं आहे का, की हा नाद सोडून शोभेची झाडं लावू? खत बदलायचं असेल तर कोणतं, तेही सांगा.

कुंडीवाला

ताई, फळभाजीला सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. दोन तासांत मिरची-टोमॅटो म्हणजे फुकटचा त्रास. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात लावा, ती तीन-चार तासांतही येतात. पुदिना तर त्याहून कमी उन्हातही तग धरतो.

भिंतीआड

कुंडीवाला यांचं पालेभाजीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण मिरचीचा नाद इतक्यात सोडू नका. तुमच्या मोजमापांवरून मला तरी ती बोळ वाया गेलेली दिसत नाही. मीही अशाच भिंतीआडच्या जागेत बरीच वर्षं झाडं लावते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खताचं. खत बदलू नका, ते बंद करा. पाणीही रोज घालू नका. कमी उन्हातलं झाड बहुतेक वेळा उजेडाच्या कमतरतेने मरत नाही, ते जास्तीच्या पाण्याने आणि खताने मरतं. पान जितक्या उजेडात काम करतं तितकंच पाणी ते ओढून घेतं. ऊन कमी, तर पानांतून बाष्प कमी उडणार, मुळं पाणी कमी उचलणार आणि कुंडीतली माती ओलीच राहणार. ओल्या मातीत हवा नसते, मुळं गुदमरतात, पानं फिकी पडतात. फिकी पानं दिसली की माणूस आणखी खत घालतो. शेणखतात नत्र (नायट्रोजन) आहे. उजेड नसताना नत्र मिळालं की झाड मऊ, लांबट फांद्या काढतं आणि फुलं टाकून देतं. तुमच्या कुंड्यांवरच्या त्या काळ्या माश्या सततच्या ओल्या मातीतच अंडी घालतात. वरचा थर सुकू दिलात की त्यांची पैदास मोडते.

पाण्याची परीक्षा बोटानेच करा. पेरभर नाही, दोन पेरं आत घाला. तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडी उचलून वजन बघायची सवय लागली तर आणखी बरं. आणि मोठी कुंडी म्हणजे जास्त फळं हे गणित सावलीत चालत नाही. लहान रोपाभोवती वीस लिटर ओली माती म्हणजे मुळांभोवती न सुकणारा चिखल. सावलीतल्या मिरचीला आठ-दहा लिटरची कुंडी पुरते, आणि मातीची असेल तर उत्तम, कारण तिच्या अंगातूनही ओल उडते. मातीत कोकोपीट भरपूर घातलं असेल तर ते पाणी धरून ठेवतं. पुढच्या वेळी ते कमी करून जाडी वाळू किंवा परलाइट वाढवा.

आता उन्हाबद्दल. तुम्ही मोजलेली वेळ कुंडी ज्या उंचीवर आहे त्या उंचीची आहे. बोळ दक्षिणोत्तर आहे, म्हणजे सूर्य पूर्वेच्या भिंतीवरून वर येतो आणि पश्चिमेच्या भिंतीआड जातो. बोळीच्या मधोमध, जमिनीवर, भिंत अडीच फुटांवर आणि दहा फूट उंच. सूर्य जवळजवळ डोक्यावर आल्याशिवाय ऊन खाली पोहोचतच नाही. तेच झाड पाच फुटांवर नेलं तर वर भिंत पाचच फूट उरते. दिवस-रात्र समान असण्याच्या सुमाराला तिथे ऊन अकराच्या थोडं आधी येईल आणि सव्वादोनपर्यंत टिकेल. पावणेदोन तासांचे सव्वातीन तास झाले, म्हणजे जवळजवळ दुप्पट. एकही भिंत न पाडता.

माझं ऐकाल तर एखाद्या मोकळ्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी पाच दर तासाला बोळीत जा आणि ऊन कुठल्या भिंतीवर, कुठल्या उंचीपर्यंत आहे तिथे खडूने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा. फोनमध्ये लक्स, म्हणजे उजेड, मोजणारं ॲप असेल तर जमिनीवर, कमरेएवढं आणि डोक्याएवढं असे तीन आकडे टिपा. काही फोनचा सेन्सर कडक उन्हात एका आकड्यावर अडकतो, पण सावलीतले आकडे तुलनेला चांगले उपयोगी पडतात. हे केल्याशिवाय एक कुंडीही हलवू नका.

मागचं_दार

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. काल सुट्टी होती, दिवसभर खडू घेऊन फिरले. आकडे असे:

भर दुपारी उन्हात फोन ९५,००० च्या पुढे दाखवतो. ऊन नसताना जमिनीवर ५,५०० ते ६,५००, डोक्याएवढ्या उंचीवर साधारण १०,०००. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पाच फुटांवर अकरा वाजताच ऊन होतं.

आणखी एक लक्षात आलं. पश्चिमेच्या भिंतीच्या अगदी पायथ्याशी अकरालाच ऊन येतं, पण साडेबाराच्या पुढे नाही. पूर्वेच्या भिंतीच्या पायथ्याशी उलट, ऊन साडेबाराला सुरू होऊन सव्वादोनपर्यंत. मग कोणत्या भिंतीला कुंड्या लावू? माझ्या सध्या मधोमध आल्यासारख्या आहेत, कारण भिंतीशी नळाची पाइप आहे.

भिंतीआड

वा, हे छान टिपलंत. कुठल्याही एका भिंतीला लावल्या तरी एकूण वेळ तितकीच, पावणेदोन तासांच्या आसपास. पण दुपारी कुंडी एका भिंतीकडून दुसरीकडे सरकवली तर दोन्हीकडचं ऊन मिळतं, म्हणजे जमिनीवर राहूनही सव्वातीन तास. खाली चाकं असलेली फळी करून घ्या. दुपारी घरी कोणी असेल तर साडेबाराला पाच फूट ढकलायचं, एवढंच काम. कोणी नसेल तर हा विचार सोडा आणि उंची वाढवा.

आता तुमच्या आकड्यांचा अर्थ. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. पानाला लागणारा उजेड मोजतात तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशकणांनी, आणि दिवसभरात एका चौरस मीटरवर किती पडले ते मोल या कण मोजायच्या एककात सांगतात. सूर्यप्रकाशासाठी लक्सला ५४ ने भागलं की सेकंदाला किती मायक्रोमोल (मोलचा दहा लाखावा भाग) ते साधारण कळतं. ९५,००० लक्स म्हणजे सुमारे १,७५०. तासाचे झाले सव्वासहा मोल. सावलीतल्या ६,००० लक्सचे मात्र तासाला जेमतेम ०.४.

म्हणजे जमिनीवर: पावणेदोन तासांच्या उन्हाचे अकरा मोल, आणि उरलेल्या नऊ तासांच्या सावलीतल्या उजेडाचे साडेतीन. एकूण चौदा-पंधरा. पालेभाजीला दिवसाला बारा ते सतरा मोल मिळाले की ती चांगली वाढते. तुमची जमीन ही पालेभाजीची जागा आहे, आणि चांगली जागा आहे.

पाच फुटांवर: सव्वातीन तासांचे सुमारे वीस, अधिक वरच्या उजेडाचे पाच. पंचवीस मोलच्या आसपास. मिरचीला वीसच्या पुढे मिळाले तर ती फळते. टोमॅटोला वीस ते तीस लागतात, म्हणून मोठ्या फळाचा टोमॅटो सोडून द्या आणि वर एखादा चेरी टोमॅटो करून बघा. लहान फळ भरायला झाडाला कमी साठा लागतो.

हा हिशेब निरभ्र दिवसाचा आहे. ढगाळ दिवसांत थेट ऊन नसतंच, मग झाडाला किती आकाश दिसतं त्यावर सगळं ठरतं. तिथेही वरची कुंडी जिंकते, कारण तिला आकाशाचा मोठा तुकडा दिसतो. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. तुमचं दक्षिणेचं टोक मोकळं असल्यामुळे दुपारचं ऊन बंद होणार नाही, पण वेळ अर्ध्या तासाने कमी होईल आणि ऊन तिरपं पडेल. त्या काळात मिरचीकडून फार मागू नका.

पुढचं काम भिंतींचं. सिमेंटचा राखाडी गिलावा त्याच्यावर पडणाऱ्या उजेडातला निम्म्याहून जास्त गिळून टाकतो. पांढरा चुना किंवा पांढरा मॅट रंग बहुतेक उजेड परत फेकतो. दोन्ही भिंती, अगदी पायथ्यापासून वरपर्यंत. आरसा किंवा चकचकीत पत्रा लावू नका. तो एका ठिकाणी झोत टाकतो आणि तिथली पानं भाजतात. मॅट पांढरा रंग उजेड सगळीकडे पसरवतो, पानांच्या खालच्या बाजूलाही. भिंती रंगवल्यावर तेच तीन आकडे पुन्हा मोजा. सावलीतल्या आकड्यात फरक दिसेल, आणि तुमच्या बोळीत दिवसाचे बहुतेक तास सावलीचेच आहेत.

कुंडीवाला

मी आधी लिहिलं ते तासांच्या ठोकळ नियमावरून. उंचीचा हा हिशेब मला नवा आहे, माझ्या खिडकीतही करून बघतो. एक शंका. फांद्या लांब होत असतील तर शेंडा खुडायचा का? सगळीकडे तेच सांगतात.

भिंतीआड

भरपूर उन्हात खुडा. कमी उजेडात जपून. झाडाकडे जी पानं आहेत तीच त्याची कमाई. निरोगी पान काढलं की तेवढी कमाई गेली आणि नवं पान काढायला साठा खर्च झाला. उन्हातलं झाड ते आठवड्यात भरून काढतं, सावलीतलं रेंगाळत राहतं.

त्याऐवजी वाकवा. मुख्य खोड हळूहळू आडवं करून मऊ दोरीने कुंडीच्या काठाला बांधायचं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा खाली आला की तो दाब कमी होतो आणि बाजूच्या फांद्या वर उठतात. झाड पसरट होतं, प्रत्येक फांदीला वरून उजेड मिळतो, एकही पान न तोडता. पाणी देण्याआधी, झाड किंचित मलूल असताना वाकवलं तर खोड मोडत नाही. पिवळी पडलेली, मातीला टेकलेली पानं मात्र काढून टाका.

आणि कुंड्या एकमेकींना चिकटवू नका. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि अतिलाल, म्हणजे लालच्या पलीकडचा, पुढे जाऊ देतं. शेजारच्या झाडाला पानांतल्या फायटोक्रोम या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनामुळे हा बदल कळतो आणि ते स्पर्धेला लागल्यासारखं उंच धावतं. सहा मिरच्या ओळीने चिकटून ठेवल्यात, त्यांच्या उंचीत भिंतीइतकाच याचाही हात आहे. सहापैकी सगळ्यात आखूड पेरांची तीन ठेवा, बाकीची कोणाला उन्हाची जागा असेल त्याला द्या. अवघड वाटतं, मला माहीत आहे. पण तीन झाडांना पुरेल एवढाच उजेड आहे, आणि तीन झाडं नीट फळली तर घराला पुरतात.

नवी_पालवी

मधेच विचारते, कारण जागा अशीच आहे. फूलगळीचं नक्की कारण उजेडच का? माझ्याकडे ऊन चार तास आहे, तरी मिरचीची फुलं टिकत नाहीत.

भिंतीआड

उजेड हे एक कारण. दुसरं नत्र, ते वर लिहिलंच आहे. तिसरं उष्णता. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्रीही भिंती तापलेल्या, असं असलं की मिरची फुलं टाकते. दोन भिंतींमधल्या जागेत हे हटकून होतं, कारण दिवसभर शोषलेली उष्णता भिंत रात्री सोडते. पांढऱ्या रंगाचा इथे दुसरा फायदा, भिंत तापतेच कमी. कुंडी भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

चौथं कारण लोक विसरतात. मिरची आणि टोमॅटो दोघंही आपल्याच परागावर फळतात, मधमाशी आलीच पाहिजे असं नाही. पण पराग सुटायला फूल हलावं लागतं, आणि बंदिस्त बोळीत वारा नसतो. दव सुकल्यावर, सकाळी उशिरा, फुलांच्या मागच्या फांदीवर बोटाने हलकी टिचकी मारा. टोमॅटोसाठी आधाराची काठीच हलवा. रोज जाता-येता करायचं. दमट हवेत पराग चिकटून राहतो, म्हणून पाणी घातल्या घातल्या हे करू नका.

हवा खेळत नसल्यामुळे आणखी एक गोष्ट होते, ती म्हणजे भुरी. बऱ्याच बुरशींना पान ओलं लागतं, भुरीला नाही. सावली आणि कोंदट हवा एवढंच तिला पुरतं. पानावर पिठासारखा पांढरा डाग दिसला की ते पान त्याच दिवशी काढा. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशीही अशाच जागी पानांच्या खाली लपतात, म्हणून आठवड्यातून एकदा पानं उलटी करून बघा. सुरुवातीलाच दिसले तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि ओल्या कापडाने भागतं. वाढले तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, चांगलं मिसळण्यासाठी थोडा सौम्य साबण, आणि फवारणी ऊन उतरल्यावर. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा.

मागचं_दार

माझ्याकडे एक शेवंतीही आहे, फाटकाजवळ, बोळीतलं सगळ्यात जास्त ऊन तिलाच. पानं उत्तम, कळी मात्र नाही. तिथे रात्रभर दिवा असतो. त्याचा काही संबंध?

भिंतीआड

आहे, आणि मोठा आहे. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब आणि अखंड अंधारी मिळाली तरच कळी धरते. गार्नर आणि ॲलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका वाणावर हे दाखवलं: दिवस लांब असताना तो फुलत नव्हता, दिवस लहान केल्यावर फुलला. नंतर कळलं की झाड खरं तर अंधाराची लांबी मोजतं, आणि मध्येच पडलेला थोडा उजेडही ती मोजणी बिघडवतो. तुमचा दिवा नेमकं तेच करतो आहे.

शेवंती दिव्यापासून दूर, जिथे रात्री पूर्ण अंधार असेल तिथे हलवा, किंवा दिवाच बंद ठेवा. तेही जमत नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ काळ्या जाड कापडाने झाका, पण मग कळ्या दिसेपर्यंत रोज, एकही रात्र न चुकवता. दिवसा मात्र ती उन्हातच हवी. मिरची-टोमॅटोला रात्रीच्या दिव्याने फरक पडत नाही, ती दिवसाच्या लांबीवर फुलत नाहीत. म्हणून अदलाबदल करा. फाटकाजवळची उन्हाची जागा एका मिरचीला द्या.

कोथिंबीर आणि पालक यांचं शेवंतीच्या उलट. दिवस लांब झाला की ती फुलोऱ्यावर जातात आणि पानं थांबतात. त्यांनाही दिव्यापासून लांब, आतल्या बाजूला ठेवा. तिथे सावली असल्यामुळे माती गार राहते, त्यानेही फुलोरा लांबतो.

मागचं_दार

ठरवलं. या आठवड्यात दोन्ही भिंतींना चुना. पश्चिमेच्या भिंतीला साडेचार-पाच फुटांवर लोखंडी कंसावर फळी, तिच्यावर दोन मिरच्या आणि एक चेरी टोमॅटो. तिसरी मिरची फाटकाशी. खाली पालक, मेथी, पुदिना. फळी भिंतीपासून किती पुढे काढू? आणि खालच्यांवर तिची सावली पडेल त्याचं काय?

भिंतीआड

फळी एक फूट रुंद पुरे, आणि सलग नको. दोन पट्ट्या, मध्ये फट, म्हणजे पाणीही अडत नाही. बसवण्याआधी वजनाचा विचार करा. दहा लिटरची कुंडी पाणी घातल्यावर बारा-पंधरा किलो भरते. तीन कुंड्या म्हणजे कंस भिंतीत खोल गेलेले हवेत, नुसत्या गिलाव्यात नाही. कुंड्या फळीला तारेने बांधा. डोक्याच्या उंचीवरून खाली येणारी कुंडी जीवघेणी ठरू शकते, म्हणून ते काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

फळी पश्चिमेच्या भिंतीला असेल तर भर दुपारी तिची सावली बरोबर खाली पडते. खालच्या पालेभाज्या पूर्वेच्या भिंतीकडे ठेवा, त्यांना साडेबारानंतरचं सगळं ऊन मिळेल. फळीखाली पुदिना. आणि एक मात्र लक्षात ठेवा: वरच्या कुंड्यांना आता जवळजवळ दुप्पट ऊन आणि वाराही मिळेल, त्यामुळे त्या खालच्यांपेक्षा लवकर सुकतील. दोघींना एकाच दिवशी पाणी घालू नका, प्रत्येक कुंडीत बोट घालूनच ठरवा.

सावलीतली पानं एकदम वर कडक उन्हात नेली तर ती पांढरी पडून भाजतात. पहिले तीन-चार दिवस तासभर, मग हळूहळू वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्णवेळ. खत तोवर बंदच. नवी पानं जाड, गडद आणि जवळजवळ येऊ लागली की पालाशचं (पोटॅशचं) प्रमाण जास्त असलेलं खत सुरू करा, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं.